मुंगसाची वाटी

"चपला हितंच काढ," अक्का म्हणाली. "आन् खाली बघून चाल."

मी चपला काढल्या. लग्नाला आठवडाही झाला नव्हता आणि सासरचा पानमळा मी पहिल्यांदाच बघत होते. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, पण कुडाच्या फाटकातून आत डोकावलं तर दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. शेवरीची झाडं दाटीनं उभी, त्यांच्या अंगावर पानवेली पार शेंड्यापर्यंत चढलेल्या आणि पायाखाली वाळक्या पानांचा ओला, मऊ थर. त्या थराखाली काय आहे ते दिसायला काही मार्ग नव्हता.

"खाली कशाला बघायचं, अक्का?"

"वर बघितलं न्हाई म्हनून कुनी मेलं न्हाई अजून," ती म्हणाली.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, चन्नव्वा. तिचे मालक मल्लाप्पा, म्हणजे माझे थोरले दीर, आदल्या थंडीत याच मळ्यात घोणस चावून गेले होते. लग्न ठरताना ही गोष्ट कुणी तोंडातून काढली नव्हती. हळद लागल्यावर एका आत्याबाईंनी कानात सांगितली, तेव्हा परत फिरायची सोय उरली नव्हती. मिरजेच्या पूर्वेला हे सासरचं गाव, आणि तिथं मळेकऱ्याच्या घरी पोरगी पडली म्हणजे तिचं नशीब उघडलं असं सगळे समजत.

"तुमी न्हाई येत आत?"

"मी हितंच बसते," अक्का म्हणाली आणि फाटकाजवळच्या छपरात पानांच्या ढिगापुढं जाऊन बसली.

त्याचं कारण मला नवऱ्याकडून कळलं. बाईनं बाजूला बसायचे दिवस संपवून पाचव्या दिवशी न्हाऊनच मळ्यात पाय टाकायचा, असा आमच्याकडचा नेम. पानवेल म्हणजे देवाघरची, तिला विटाळ चालत नाही. अक्का चौथ्या दिवशी आत गेली होती, खुडणीला माणूस कमी होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी मल्लाप्पांना साप चावला. सासऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. तेरावा झाल्यावर एवढंच म्हणाले की आता तू फाटकाच्या आत यायचं नाही. तेव्हापासून ती छपरात बसून पानं निवडायची आणि कवळ्या, म्हणजे पानांच्या जुड्या, बांधायची, आणि ती चौथ्या दिवशी आत गेली होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी एकदा तिला विचारलं, "वाईट वाटत आसंल न्हवं, हितं बसून?"

तिनं पानाचा देठ खुडला. "मामंजी म्हनाले, सवय होईल."

फाटकाच्या आतल्या अंगाला, कुडाला लागून एक लाकडी खोकं होतं. त्यात मुंगूस होतं. मळ्यात साप दिसला तरी माणसानं त्याच्यावर काठी उगारायची नाही, हा आणखी एक नेम. म्हणून मुंगूस. मल्लाप्पांनी ते गारुड्याकडून पिल्लू असताना आणलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं तलाठी, कारण ते प्रत्येक बांधाला नाक लावून हद्द तपासत फिरायचं. रात्री खोक्यात, दिवसा मळ्यात मोकळं. मी बघितलं तेव्हा मात्र तलाठ्याची पार रया गेली होती. केस राठ आणि विरळ, मागचे पाय ओढत चालायचं, आणि शेपटाखाली सदा घाण लागलेली. दिवसभर खोक्याच्या तोंडाशी पडून असायचं.

सासरे, इराप्पा मामंजी, रोज सकाळी अंघोळ करून, विभूती लावून, पितळी वाटीत दूध-भाकरी कुस्करून स्वतः त्याच्यापुढं ठेवायचे. त्यात कधी गुळाचा खडाही टाकायचे. माणूस कडक, पण त्या जनावरावर जीव होता, हे खोटं म्हणता येणार नाही.

मी अंकलीची, कृष्णाकाठची. शेजारी भोयांचं घर, आणि त्यांच्याकडं मुंगूस पाळलेलं होतं. ते मासळी खायचं, बेडूक खायचं, उंदीर तर हाडकांसकट फस्त करायचं. अंडं दिलं की दगडाकडं पाठ करून उभं राहायचं आणि मागच्या पायांच्या मधनं ते दगडावर फेकून फोडायचं. आम्ही पोरं ते बघायला जमायचो. त्याचं अंग असं तकाकायचं की हात फिरवावासा वाटावा.

एका सकाळी धीर करून मी बोलले. पदर पुढं ओढून म्हणाले, "मामंजी, मुंगसाला दूध सोसत न्हाई. त्याला मटनाचं खानं लागतं. निदान अंडं तरी."

ते वाटी ठेवून उठले. माझ्याकडं बघितलं नाही. "मळ्यात ऱ्हायाचं तर मळ्याचं सोवळं पाळायचं. मानूस आसू दे न्हाईतर जनावर."

"पर ते वाळत चाललंया."

"पोट भरलेलं मुंगूस झोपतंय, पोरी. भुकेलं आसंल तरच साप हुडकतंय. आन् हितं अंड्याचं नाव काढू नगंस. ज्या मळ्यात अंडं गेलं त्यो मळा मर लागून वाळून बसतोय. आनि बाई परत माहेरला जाती."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. मी घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले.

पुढच्या आठवड्यात मी तो साप बघितला.

चौथ्या ओळीत पानं खुडत होते. टोपलीत पान टाकायला वाकले आणि पायापासून हातभर अंतरावरची पानं हलल्यासारखी वाटली. वारा नव्हता. मग पानांतच एक नक्षी दिसायला लागली, तपकिरी गोल, त्यांना काळी कडा, एकापुढं एक. आधी शेपटी दिसली, मग जाड पोट, आणि डोकं कुठंच दिसेना. लोहाराच्या भात्यासारखा आवाज सुरू झाला. मी उभीच राहिले. पळायचं तर पाय टाकायचा कुठं? अनवाणी पायांची बोटं मातीत रुतलेली, आणि मला वाटत होतं की माझ्या टाचेतला रक्ताचा ठोकाही त्याला ऐकू जात असणार. किती वेळ गेला माहीत नाही. आवाज थांबला, नक्षी पानांत विरली. मी फाटकापर्यंत कशी आले ते मला आजही आठवत नाही.

अक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली कवळी खाली ठेवली. "कुठल्या वळीत?"

"चौथ्या."

तिचे ओठ पांढरे पडले. मल्लाप्पाही चौथ्या ओळीतच सापडले होते, हे मला नंतर कळलं.

मी तलाठ्याकडं बघितलं. इतका मोठा भात्याचा आवाज झाला तरी ते खोक्याच्या तोंडाशी तसंच पडलेलं. मान उचलून एकदा वास घेतला आणि मान परत खाली टाकली. दुधाच्या वाटीत माशा बसल्या होत्या.

आणि उतरण तोंडावर आली होती. वेली शेंड्याला टेकल्या की त्या झाडावरनं सोडवून खाली घ्यायच्या, बुडाशी वेटोळं करून मातीत पुरायच्या आणि शेंडा परत झाडाला बांधायचा. हे काम उकिडवं बसून, दोन्ही हात पाचोळ्यात घालून करावं लागतं. आमच्या घरात ते पहिल्यांदा कर्त्या पोरानं सुरू करायचं, मग गड्यांनी. मल्लाप्पा गेल्यापासून तो म्हणजे माझा नवरा, सिद्राम.

रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "उतरण पुढं ढकला."

"वेली शेंड्याला गेल्याती. आता थांबलं तर पान बारीक पडंल."

"हातात काठी तरी घ्या."

"आप्पा घिऊ देनार न्हाईत. आन् कुठं कुठं ढोसू काठीनं?" ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. "तलाठी हाय की."

दुसऱ्या दिवशी मी कालव्यापलीकडं जैनबभाबीकडं गेले. तिच्या अंगणात कोंबड्या होत्या. मी लुगड्याच्या ओट्यातनं चांगली मोठी पानं काढून तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "भाबी, एक अंडं द्या. कुनाला सांगू नगा."

तिनं माझं डोरलं बघितलं, कपाळाची विभूती बघितली. "तुला डोहाळे लागले का गं?"

"मुंगसाला पायजे."

"म्हणजे मुंगसाला लागले." ती हसत हसत आत गेली आणि ताजं, अजून कोमट असलेलं अंडं माझ्या हातावर ठेवलं. मी जन्मात पहिल्यांदा अंडं हातात धरलं होतं. ओट्यात घालून चालायला लागले तर ते पोटाला लागत होतं, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते लुगड्यातून दिसतंय असं मला वाटत होतं.

अक्का छपरात बसलेली होती. तिच्यासमोरनंच जावं लागायचं. ती माझ्याकडं बघतही नव्हती आणि मला तिचीच सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. सोवळं मोडल्याचा आळ जिच्यावर, ती दुसरीनं मोडलेलं कशी खपवून घेईल? मामंजींच्या मनातून उतरलेल्या बाईला परत वर चढायचं असेल तर याहून सोपी पायरी नव्हती.

मी खोक्यामागं बसून अंडं दगडावर टेकवून फोडलं. तलाठ्यानं आधी नाक मागं घेतलं. मग जीभ लावली, आणि मग असं चाटायला लागलं की दगड पुसून निघाला. माझ्या बोटांना दात लागले तरी मी हात काढला नाही. टरफल मी कुडाच्या बुडाशी मातीत पुरलं, वर पाचोळा ओढला आणि बोटं मातीनं घासून घासून धुतली. तरी घरी वाढताना मला त्यांचा वास येत होता.

दुसऱ्या सकाळी मी जागा बघायला गेले. माती उकरलेली होती आणि टरफल नव्हतं.

मुंगसानं उकरलं म्हणावं तर ते रात्रभर खोक्यात बंद. मामंजींनी उकरलं असतं तर आत्तापर्यंत माझी बोचकी बाहेर आली असती. कुडाच्या पलीकडं, अगदी हातभरावर, अक्काची बसायची जागा होती. मी कुडातून बघितलं. ती पानं पुसत होती. पाठ माझ्याकडं.

मला थांबता आलं असतं. पण प्रत्येक वेळी थांबायचं ठरवलं की ह्यांचे हात डोळ्यापुढं यायचे, पाचोळ्यात कोपरापर्यंत गेलेले. मी परत अंडं आणलं. परत टरफल पुरलं, परत ते नाहीसं झालं. अक्का काही बोलेना. मामंजींपुढं ती उभी राहिली की मला वाटायचं, आता सांगते, आता सांगते. ती विचारायची, "आज किती कवळ्या बांधू?" आणि मी परत कामाला लागायचे.

तलाठी मात्र बदललं. आधी हगवण थांबली, दुधाकडं बघेनासं झालं. मग मागचे पाय उचलायला लागलं. एके दिवशी मी अंडं फोडायला घेतलं तर त्यानं ते माझ्या हातातून ओढलं, दगडाकडं पाठ केली आणि मागच्या पायांतून फेकलं. टक्कन आवाज आला. कुडाच्या पलीकडं अक्काचा हात पानावर थांबला. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं पानं पुसल्याचा आवाज परत सुरू झाला.

मामंजी खुश होते. गड्यांना सांगायचे, "बगा, दुधाची ताकद."

उतरणीच्या सकाळी फाटकाशी नारळ फोडला. सिद्राम अनवाणी, धोतर वर खोचून उभे. मागं दोन गडी, बाजूला मी आरतीचं ताट घेऊन, आणि छपराच्या कडेला अक्का. तलाठ्याला ह्यांनी पहाटेच मोकळं सोडलं होतं. मामंजी पूजेसाठी पहिल्या वेलीपाशी गेले आणि जागच्या जागी थांबले. वाकले. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक वाळकं पान होतं आणि त्या पानावर अर्धं टरफल. आदल्या दिवशी मी न फोडताच खोक्यापुढं ठेवलेलं अंडं त्या पोट भरलेल्या जनावरानं नेऊन तिथं पुरून ठेवलं असणार आणि सकाळी फोडून खाल्लं असणार.

"कुनी आनलं ह्ये?"

मी ताटातल्या निरांजनाकडं बघत राहिले.

"मी पुसतोय. माझ्या मळ्यात अंडं कुनी आनलं?"

"मी," अक्का म्हणाली.

ती छपरातून पुढं आली. पदर नीट घेतला. "मीच घालत हुते त्याला. कुडातनं हात घालून."

मामंजींचं तोंड काळं पडत गेलं. "एकदा घर बुडवलंस. पोरगा खाल्लास. अजून पोट भरलं न्हाई तुजं?"

"माझ्यावर एक हायच," अक्का अगदी हळू म्हणाली. ते त्यांना नव्हतं, मला होतं. "अजून एकानं काय हुतंय?"

तेव्हा मला टरफलं कुठं जात होती ते कळलं. ती रोज कुडातून हात घालून माझा गुन्हा उकरून नेत होती. मी ताट खाली ठेवलं. "न्हाई मामंजी. मी आनली. जैनबभाबीकडनं, ओट्यातनं. अक्कानं न्हाई."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मामंजींनी तोंड उघडलं आणि त्याच वेळी मळ्यातून भात्याचा आवाज आला.

तो पहिल्यापेक्षा मोठा होता. चौथ्या ओळीतून. जिथं ह्यांनी आता जाऊन बसायचं होतं, अगदी तिथून. आम्ही सगळे फाटकाशी गोठलो. आत काही दिसत नव्हतं, नुसता हिरवा अंधार, आणि पाचोळा उधळल्याचा आवाज. फूत्कार, मग गप्प. परत फूत्कार. काहीतरी शेवरीच्या खोडावर आपटलं आणि वेलीची पानं टपाटपा गळाली. एक बारीक किंचाळी आली, ती सापाची नव्हती. मी ह्यांच्या दंडाला धरलं होतं, सगळ्यांच्या देखत, आणि मला त्याचं भान नव्हतं. मग आत सगळं शांत झालं.

बऱ्याच वेळानं पानं सरकायला लागली. तलाठी मागं मागं येत होतं, तोंडात घोणशीचं डोकं धरून. मनगटाएवढा जाड साप, नुसता ओढत आणलेला. मुंगसाचा एक गाल सुजून डोळा मिटला होता. पहिल्या वेलीपाशी, जिथं हळदकुंकू वाहिलं होतं, तिथं ते बसलं आणि सापाचं डोकं कुरतडायला लागलं. मातीवर रक्त पडलं.

एक गडी म्हणाला, "मालक, बाहीर काढू का? मळा बाटला."

"खाऊ दे त्याला," मामंजी म्हणाले.

आवाज त्यांचा वाटत नव्हता. ते कुडाला धरून खाली बसले. हातातलं टरफल कधी पडलं त्यांना कळलं नाही. बसल्या बसल्या ते जमिनीशी बोलल्यासारखं बोलायला लागले.

"मल्लू त्याला दोरी लावून बाहीर न्यायचा. बांधावरचे उंदीर चारायचा. एक दिवस त्यानं हितं, मळ्यात उंदीर फाडला. मी म्हनलं, आता बास, आजपासनं दूध. मल्लू म्हनला, आप्पा, ह्येची ताकद जाईल. मी ऐकलं न्हाई." ते थांबले. "त्या थंडीत ते खोक्यात पडून हुतं. सापाचा भाता मलाबी ऐकू आलता. त्यानं नुसती मान उचलली."

वर्षभर गावानं जो दिवस मोजला होता, चौथा की पाचवा, त्याचा त्या मरणाशी काही संबंध नव्हता, होता तो या दुधाच्या वाटीचा. ती वाटी रोज सकाळी कुणाच्या हातात असायची ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. अक्का कुडाला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं ते पुसलं नाही.

उतरण त्या दिवशी झाली नाही, पुढच्या सोमवारी झाली. मला माहेरी कुणी पाठवलं नाही, त्याबद्दल कुणी शब्दही काढला नाही. मळ्यालाही मर लागली नाही. त्या सालचं पान मिरजेच्या बाजारात नाव काढून गेलं, आणि त्यात अंड्याचा हात किती हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

पण मला आठवते ती दुसरी सकाळ. तलाठी सुजलेल्या तोंडानं खोक्यात पडलेलं, त्याला स्वतःहून काही खाता येत नव्हतं. मामंजी अंघोळ करून, विभूती लावून आले. हातात तीच पितळी वाटी, आणि वाटीत अंडं. जैनबभाबीच्या दारात ते स्वतः गेले होते. खोक्यापुढं बसून त्यांनी अंडं दगडावर हलकेच टेकवलं, परत टेकवलं. ते फुटेना. मग एकदम फुटलं आणि सगळं त्यांच्या बोटांवर आलं. ते हात तसाच हवेत धरून बसले.

"चन्नव्वा," त्यांनी हाक मारली. "आत ये जरा."

अक्का फाटकाशी आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, खाली बघितलं आणि आत पाऊल टाकलं. वर्षानंतर पहिल्यांदा. त्यांच्या शेजारी बसून तिनं त्यांचा चिकट हात धरला आणि मुंगसाच्या तोंडाशी नेला. तलाठ्यानं एक बोट चाटलं.

"वास जात न्हाई गं ह्येचा," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता.

"सवय होईल, मामंजी," अक्का म्हणाली.